कृत्रिम उपग्रहांचे नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण : माथेरानच्या आकाशाच्या निमित्ताने

१

रात्रीच्या आकाशात ताऱ्यांच्या मधून संथपणे सरकत जाणारा आणि चारपाच मिनिटांत दिसेनासा होणारा प्रकाशबिंदू पुष्कळांनी पाहिलेला असतो. त्याविषयी सांगताना मात्र बहुतेकांची भाषा अडखळते. ‘एक तारा चालत गेला’, ‘विमान असावे, पण दिवा लुकलुकत नव्हता’, ‘तारा तुटला, पण सावकाश तुटला’ अशा तऱ्हेची वाक्ये ऐकू येतात. ह्या वाक्यांत प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आणि तिच्याविषयीचा तर्क ह्यांची सरमिसळ झालेली असते. ‘तारा तुटला’ असे म्हणणारा मनुष्य दृश्याचे वर्णन करीत नाही. आकाशातील तारेच निखळून खाली पडतात ह्या जुन्या समजुतीचा तो नकळत पुनरुच्चार करतो. बोलीभाषेत ह्यात काही वावगे नाही. परंतु त्याच दृश्याचा शास्त्रीय उपयोग व्हावयाचा असेल तर वाक्याची घडण बदलावी लागते. पाहणे आणि निरीक्षण करणे ह्यांतील भेद डोळ्यांच्या शक्तीत नसून पाहिलेल्याचे विधान कसे केले जाते ह्यात आहे, ही गोष्ट उपग्रहांच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसून येते. ह्या निरीक्षणास दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. लागते ते काळोखे आकाश, बिनचूक घड्याळ आणि नेमकी भाषा.

खुद्द ‘उपग्रह’ ह्या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. ग्रहाभोवती फिरणारा तो उपग्रह, ह्या अर्थाने चंद्र हा पृथ्वीचा एकमेव उपग्रह होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुतनिक’ आकाशात सोडला. त्या रशियन शब्दाचा अर्थ ‘सहप्रवासी’ असा आहे. मराठीने नवा शब्द न घडविता जुन्यालाच ‘कृत्रिम’ हे विशेषण जोडले. पुढे अशा वस्तू इतक्या वाढल्या की विशेषण गळून पडले, आणि आज नुसते ‘उपग्रह’ म्हटले की मनुष्यनिर्मित उपग्रहच अभिप्रेत असतो. चंद्रासाठी मात्र ‘नैसर्गिक’ असे सांगावे लागते. शब्दाचे हे पारडे फिरणे आकाशातील बदलाचेच द्योतक होय.

२

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. सूर्याचे किरण त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतात म्हणून तो दिसतो. ह्यावरून दोन अटी निष्पन्न होतात. पाहणाऱ्याच्या ठिकाणी अंधार हवा. आणि त्याच वेळी उपग्रह मात्र उन्हात हवा. जमिनीवर सूर्य मावळला तरी चारशे किलोमीटर उंचीवर तो मावळलेला नसतो. सायंकाळी डोंगराच्या पायथ्याशी सावली पडते व माथ्यावर ऊन रेंगाळते, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे माथा अतिशय उंच आहे.

हे ऊन किती वेळ टिकते ते साध्या भूमितीने काढता येते. चारशे किलोमीटर उंचीवरील उपग्रह खस्वस्तिकी, म्हणजे बरोबर डोक्यावर असताना, सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत उन्हात राहतो. माथेरानचे अक्षांश सुमारे १९ उत्तर आहेत. तेथे सूर्य तेवढा खाली जाण्यास सूर्यास्तानंतर साधारण दीड तास लागतो. त्यातील पहिला अर्धा तास संधिप्रकाशाचा. म्हणजे सायंकाळी सुमारे तासाभराचा व पहाटे तेवढाच, असे दोन काळ निरीक्षकाच्या वाट्याला येतात. लंडनसारख्या ठिकाणी जूनमध्ये मध्यरात्रीदेखील सूर्य क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश असतो. त्यामुळे तेथे असे उपग्रह रात्रभर दिसू शकतात. माथेरानला जूनमधील मध्यरात्री सूर्य सत्तेचाळीस अंशांहून अधिक खाली असतो, आणि जूनमध्ये पावसामुळे आकाशही दिसत नाही. पाश्चात्य पुस्तकांतील सूचना आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडत नाहीत त्या ह्या कारणाने.

उलट काही बाबतींत आपले स्थान अधिक सोयीचे आहे. हबल दुर्बिणीच्या कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन २८.५ अंश आहे. म्हणजे ती उत्तरेस व दक्षिणेस त्याच अक्षांशापर्यंत जाते. लंडनहून ती क्षितिजाच्या वर येतच नाही. माथेरानहून ती माथ्यावरून जाताना दिसू शकते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा हाच कोन ५१.६ अंश, व चीनच्या ‘तिआनगाँग’ स्थानकाचा ४१.५ अंश, ही दोन्हीही आपल्याकडे दिसतात. पैकी पहिले सर्वांत तेजस्वी असून अनुकूल वेळी ते शुक्राच्या तोडीने झळकते.

बहुतेक उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह उत्तर-दक्षिण दिशेने जातात. सायंकाळी पश्चिमेकडे उगवलेला उपग्रह पुष्कळदा पूर्व क्षितिज गाठण्यापूर्वीच मंद होत, किंचित तांबूस होऊन, विझल्यासारखा नाहीसा होतो. तो ढगाआड गेलेला नसतो. पृथ्वीच्या छायेत शिरलेला असतो. पहाटे ह्याच्या उलट घडते व निरभ्र आकाशात उपग्रह एकाएकी प्रकट होतो. विमानाचे दिवे लुकलुकतात व त्यांत तांबडे-हिरवे रंग असतात. उल्का बहुधा एकदोन सेकंदांत संपते. उपग्रह मात्र मिनिटेच्या मिनिटे दिसत राहतो. ह्या तीन खुणा ध्यानात ठेवल्या तरी बहुतांश घोटाळे टळतात.

३

माथेरान हे नाव ‘माथ्यावरचे रान’ असे सोडविण्याचा प्रघात आहे. व्युत्पत्तीविषयी कोणाचे काहीही मत असो, वर्णन म्हणून ते यथार्थ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या ह्या पठारावर झाडी इतकी दाट आहे की लाल मातीच्या वाटांवरून चालणाऱ्याला आकाश तुकड्यातुकड्यांनीच दिसते. म्हणून निरीक्षकाला ऑलिंपिया मैदानासारख्या मोकळ्या जागी किंवा कड्यांवर यावे लागते. उत्तरेकडील पॅनोरमा पॉइंटवरून ध्रुवाची बाजू मोकळी मिळते, पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉइंटवरून मावळतीची. कड्यांच्या जागा अंधारात धोक्याच्या असल्याने मैदान केव्हाही श्रेयस्कर.

१८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी हे ठिकाण गिरिस्थान म्हणून पुढे आणले, आणि नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारींना येथे मज्जाव आहे; रुग्णवाहिका व अलीकडच्या ई-रिक्षा असे मर्यादित अपवाद सोडता वाहनांचे दिवे येथे नाहीत. २००३ साली केंद्र शासनाने माथेरान व त्याचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. ह्या सर्वांमुळे मुंबईच्या इतक्या जवळ असूनही येथे रात्र बरीचशी शिल्लक राहिली.

कर्जत मार्गावरील हा टापू आकाशनिरीक्षकांना अपरिचित नाही. नेरळच्या अलीकडील वांगणी येथे मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ साली झाली, म्हणजे स्पुतनिकच्याही तेरा वर्षे आधी. तात्पर्य, हौशी निरीक्षणाची परंपरा मराठी भाषिकांत आहे. उपग्रहांच्या नोंदी हे तिचेच एक अंग होऊ शकते.

४

ह्या नोंदी कशा कराव्यात हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. डिसेंबरच्या मध्यास सायंकाळी पावणेसातच्या सुमारास निरीक्षक मैदानावर उभा आहे असे मानू. त्या वेळी अभिजित वायव्येस खाली आलेला असतो, श्रवण पश्चिमेस असतो, आणि भाद्रपदांचा प्रसिद्ध चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. वायव्येकडून एक बिंदू हंसाच्या जवळून वर चढतो व चौकोनातून आग्नेयेस उतरतो. सामान्य मनुष्य म्हणेल, ‘सातच्या सुमारास डोक्यावरून काहीतरी चमकत गेले.’ निरीक्षक लिहील : ‘माथेरान, ऑलिंपिया मैदान, ६ वाजून ५२ मिनिटे १७ सेकंद, बिंदूने उत्तराभाद्रपदेचे दोन तारे जोडणारी रेषा ओलांडली, ओलांडण्याचे स्थान उत्तरेकडील ताऱ्यापासून एकूण अंतराच्या एक-तृतीयांशावर, तेज श्रवणाहून अधिक, लुकलुक नाही.’

दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच व दृश्यही एकच. परंतु दुसऱ्या वाक्यात ‘काहीतरी’ ह्या शब्दाची जागा स्थळ, काळ व स्थान ह्या तीन गोष्टींनी घेतली आहे. वस्तूचे नाव त्यात मुळीच नाही, हे विशेष. नाव हे नोंदीतून पुढे काढावयाचे अनुमान आहे. ते आधीच लिहिले तर नोंद दूषित होते.

रेषेची ही युक्ती ह्या शास्त्राचा पाया आहे. ताऱ्यांची स्थाने सूक्ष्मपणे ठाऊक असल्यामुळे दोन तारे ही आकाशातील मोजपट्टीच होते. उत्तराभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांत सुमारे १४ अंशांचे अंतर आहे. त्याचा एक-दशांश भाग नजरेने ओळखता आला, तर दीड अंशाच्या आत स्थान मिळते. तारे जितके जवळचे तितकी नोंद अधिक बारीक. योग्य तारे न सापडल्यास हात लांब करून मूठ धरावी. मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते.

काळाची अचूकता ह्याहूनही महत्त्वाची होय. चारशे किलोमीटर उंचीवरील उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने जातो, आणि डोक्यावर असताना सेकंदाला सुमारे एक अंश सरकतो. म्हणजे घड्याळातील एका सेकंदाची चूक ही आकाशातील एका अंशाच्या चुकीइतकीच असते. पूर्वी आकाशवाणीवरील वेळेच्या ठोक्यांशी घड्याळ जुळवून घ्यावे लागे. आता खिशातील मोबाइल फोन तेच काम अधिक बिनचूक करतो.

तेजाची नोंद ‘प्रती’त करतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. अभिजित शून्य प्रतीचा, ध्रुव सुमारे दुसऱ्या प्रतीचा, आणि नुसत्या डोळ्यांची सीमा उत्तम काळोखात सहाव्या प्रतीपर्यंत. उपग्रह क्षितिजापासून माथ्यापर्यंत येताना त्याचे तेज बदलते. ते ठरावीक अंतराने कमीजास्त होत असेल तर वस्तू गरगरत आहे असे समजते. निकामी झालेले अग्निबाण पुष्कळदा असे वागतात.

दोन ठिकाणी दोन निरीक्षक असतील तर उंचीही काढता येते. माथेरानच्या बरोबर डोक्यावर चारशे किलोमीटरवर असलेला उपग्रह, सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर असलेल्या महाबळेश्वरहून, त्याच क्षणी डोक्यापासून सुमारे १७ अंश उत्तरेकडे कललेला दिसेल. ताऱ्यांच्या बाबतीत असा फरक पडत नाही, कारण ते अतिदूर आहेत. ह्या एका कोनावरून शालेय त्रिकोणमितीने उपग्रहाची उंची मिळते. मात्र त्यासाठी दोघांनी ताऱ्यांची तीच नावे व वेळेचे तेच माप वापरले पाहिजे. सामायिक परिभाषेची गरज येथे केवळ सौष्ठवाची राहत नाही. ती गणिताची होते.

५

एवढ्या यातायातीचे फळ काय, असा प्रश्न साहजिक आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या तयारीत, १९५६ साली, अमेरिकेतील स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल ह्यांनी ‘मूनवॉच’ नावाची योजना आखली. येऊ घातलेल्या उपग्रहांचे वेध घेण्यासाठी तीत शिक्षक, विद्यार्थी, कारकून, गृहिणी अशा सामान्य जनांचे गट उभे करण्यात आले. त्याच संस्थेचे खास कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसविले गेले. त्यांतील एक नैनिताल येथील वेधशाळेत होता. इंग्लंडमध्ये डेस्मंड किंग-हेले ह्यांनी हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा उपयोग करून उपग्रहांच्या कक्षांत होणारे बदल अभ्यासले, आणि त्यांवरून वातावरणाच्या अतिउच्च थरांची घनता व पृथ्वीच्या आकाराचे तपशील काढले. आजदेखील ज्या लष्करी उपग्रहांच्या कक्षा प्रसिद्ध केल्या जात नाहीत, त्यांचा माग हौशी निरीक्षक ठेवीत असतात.

नोंदीचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे कळते ते उपग्रह किंवा अग्निबाणाचा भाग खाली येतो तेव्हा. ह्या बाबतीत दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ५ सप्टेंबर १९६२ रोजी पहाटे, १९६० साली सोडलेल्या एका रशियन यानाचा अवशेष अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यावरून जळत गेला व त्याचा सुमारे नऊ किलो वजनाचा तुकडा मॅनिटोवॉक ह्या गावाच्या रस्त्यात रुतून बसला. जवळच्या मिलवॉकी शहरातील मूनवॉचचे निरीक्षक त्याच वस्तूच्या प्रतीक्षेत होते. ती फुटताना त्यांनी पाहिली. त्यामुळे तुकड्याची ओळख पटविण्यास आधार मिळाला.

दुसरी घटना महाराष्ट्रातील. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. त्याच परिसरात धातूचा एक पोकळ गोळाही सापडला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे येऊन पाहणी केली. हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा, असे अनुमान अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल ह्यांनी कक्षेच्या आधारे मांडले.

ती संध्याकाळ पाहणाऱ्यांची वाण असलेली नव्हती. मोबाइलवर चित्रणेही पुष्कळ झाली. परंतु पहिल्या तासांत बातमी पसरली ती ‘उल्कापात झाला म्हणे’, ‘विमान पडले म्हणे’ अशा वाक्यांनी. मराठीतील हा ‘म्हणे’ फार प्रामाणिक शब्द आहे. विधानाची जबाबदारी बोलणाऱ्याची नसून ते ऐकीव आहे, हे तो एका शब्दात सांगतो. १९७९ साली ‘स्कायलॅब’ कोसळण्याच्या बातमीने देशभर धास्ती पसरली होती; ११ जुलै रोजी तिचे अवशेष हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ह्या दोन्ही प्रसंगी जेथे ‘म्हणे’ फोफावला, तेथे ‘पाहिले’ असे क्रियापद वेळ व दिशा ह्यांसह उच्चारणारे थोडे होते. उल्का बहुधा एकदोन सेकंदांत विझते, तर खाली येणारा अग्निबाण तुकडे होत कितीतरी अधिक काळ जवळजवळ आडवा जात राहतो. नुसता अवधी मोजला असता तरी अर्धे निदान तेथल्या तेथे झाले असते.

६

हे निरीक्षण पुढेही करता येईल की नाही, हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली जमिनीवरची. सायंकाळचे बहुतेक उपग्रह पश्चिमेकडे उगवतात, आणि माथेरानची पश्चिम म्हणजे पनवेल, नवी मुंबई व मुंबई. पनवेल येथून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. ह्या दिशेचे आकाश क्षितिजालगत उजळलेले असते व मंद उपग्रह बराच वर येईपर्यंत त्या उजेडातून सुटत नाहीत. माथेरानने चाकांना वेशीवर थांबविले. प्रकाशाला तसे थांबविता येत नाही. तथापि गावातील दिवे झाकणीचे व खाली तोंड असलेले ठेवणे हे गावाच्या हाती आहे. महाराष्ट्रातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतील दिवे बदलण्यात आले. संवेदनशील क्षेत्र ह्या संज्ञेत झाडे व प्राणी येतात; तीत रात्रही यावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट आकाशातली. मे २०१९ मध्ये ‘स्टारलिंक’ मालिकेचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडण्यात आले आणि एकामागोमाग एक जाणाऱ्या बिंदूंची माळ जगभर लोकांनी पाहिली. आज कार्यरत उपग्रहांची एकूण संख्या दहा हजारांवर गेली आहे. वेधशाळांच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटतात. असे उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा मंद, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असावेत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोल संघाने केली आहे. ती कितपत पाळली जाते हे पाहण्याचे एक साधन निरीक्षकाचा डोळाच होय. एका जागेवरून, वर्षानुवर्षे, तासाभरात किती उपग्रह दिसले व त्यांचे तेज किती, एवढीच नोंद ठेवली तरी ती आकाशातील ह्या स्थित्यंतराचा पुरावा ठरेल.

ह्या कामास विज्ञानशाखेचाच विद्यार्थी हवा असे नाही. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम. प्रारंभी दहावीस तारे नावानिशी ओळखावेत, अवकाश स्थानकाच्या फेरीची वेळ आधी पाहून ठेवावी व तीन-चार फेऱ्यांत रेषा ओलांडण्याचा क्षण टिपण्याचा सराव करावा. मग अपरिचित बिंदूंकडे वळावे. नोंदवहीत रोज चार रकाने पुरेत : स्थळ, वेळ, ताऱ्यांतील स्थान, तेज. पाचवा रकाना वस्तूच्या नावाचा. तो दुसऱ्या दिवशी भरावा, आणि खात्री नसेल तर कोरा ठेवावा.